उलटी वजाबाकी

३ जून
नवी नोकरी, आणि खिडकीजवळचं टेबल! आमची कंपनी पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी प्रोग्राम बनवते. आत्ताच्या चित्रातून मोकळ्या जागेचं चित्र वजा करायचं. उरेल तो माणूस. माझं काम वेग वाढवायचं. इंट्रिन्सिक वापरले, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा दिली, की तो सोळा ठिपक्यांची वजाबाकी एका दमात उरकतो. शेजारी टेस्टर ताई बसते. आधीचा इंजिनिअर तडकाफडकी गेला म्हणे. आईला फोन केला. तिला वाटतंय मी चोर पकडते.

४ जून
आधीच्याची चूक सापडली. त्याची वजाबाकी शून्याखाली जातच नाही. भिंतीपेक्षा उजळ ते दिसतं, गडद ते शून्य होऊन गायब. काळा कोट घातलेला चोर आरामात निघून जाईल! मी मोकळ्या चित्रातून आत्ताचं, अशी उलटी वजाबाकीही केली आणि दोन्ही उत्तरं जोडली. वेगाला धक्का नाही. माझी स्वारी खूश.

५ जून
गोदामाच्या रिकाम्या बोळात चाचणीचा कॅमेरा आहे. त्यात डाग येतोय, फक्त उलट्या वजाबाकीत. उभा, माणसाएवढा. फरक इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. माझंच चुकलं असेल म्हणून एकेक ठिपका वजा करणारा साधा प्रोग्राम लिहून पाहिला. तोही तेच दाखवतो. कामात लक्ष लागेना.

६ जून
डाग कॅमेऱ्याजवळ सरकलाय. आधीच्या इंजिनिअरला फोन लावला. म्हणाला, ती चूक नव्हती, मुद्दाम केलं होतं. आपण बघतोय हे कळलं की ते हलतं. त्यानं फोन ठेवून दिला.

ताईला सांगितलं तर हसली. "अगं, लेन्सवर धूळ बसली असेल. थांब, पुसून येते." मी नको नको म्हणेपर्यंत गेलीसुद्धा.

पडद्यावर ती डागात शिरली. क्षणभरच. परत येऊन म्हणाली, झालं स्वच्छ. डाग खरंच गेला होता.

७ जून
ताई सकाळपासून बोलत नाही. चहा तसाच. राहवेना म्हणून ऑफिसातला दुसरा कॅमेरा आमच्या टेबलांकडे वळवला. मी उजळ दिसते. ताई — अंगात पांढरं जाकीट, तरी सरळ वजाबाकीत ती नाहीच. शून्य. फक्त उलट्या वजाबाकीत दिसते.

दुपारी
माझ्या खुर्चीमागे उभी आहे. म्हणते, ती उलटी वजाबाकी काढून टाक, आता तिचं काय काम. आवाज ताईचाच. काढते म्हटलं. काढतेय असं दाखवत हे टाइप करतेय —

माझ्या हातावर हात ठेवलाय. गार नाही. ऊनही नाही. काहीच —

पडद्यावर माझी बोटं सरळ वजाबाकीत — मनगटापर्यंत शून्य — आता कोपरा—