उजव्या हातातलं घड्याळ

आये, तुझ्या नातीने आज माझं एक घड्याळ हातात घातलं आणि मी ते तिच्या उजव्या मनगटावरून काढून घेतलं. सोमवारपासून तिची पहिली नोकरी सुरू होतेय, त्यासाठी तिला ते हवं होतं. पोरगी मनगट चोळत आत गेली. तेव्हापासून मी कपाट उघडून बसलोय. या कपाटात काय आहे ते तू पाहिलं असतंस तर कपाळाला हात लावला असतास. परदेशी, महागडी घड्याळं, नुसती मांडून ठेवलेली. आणि सगळी एकाच जातीची, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली. तीनशे मीटर खोल गेलं तरी आत थेंब जाणार नाही अशी त्यांची हमी. मी वरळीच्या ऑफिसात एसीत बसतो, त्यामुळे यातल्या एकालाही अजून नळाचं पाणीसुद्धा लागलेलं नाही. लेक चिडवते, "बाबा, तुला मनगटं दोनच आहेत, माहितीये ना?" माझ्यासारखेच नादिष्ट भेटतात, ते विचारतात, हे वेड कुठून लागलं? मी म्हणतो, लागलं असंच.

असंच कुठलं? पहिल्या पगारात गिरगावातून तुझ्यासाठी घड्याळ आणलं, ते आठवतं? छोटंसं, सोनेरी, काळ्या पट्ट्याचं. तू बाजारातून येऊन मोरीत मासळीच्या पाट्या धूत होतीस. म्हणालीस, "मना कनाला रं घड्याल? हात सदाचे वले." मी कुठला ऐकतोय! तुझा डावा हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला, म्हणून मी ते उजव्या हातात बांधलं. तो हात लग्नापासून मोकळा होता. त्यातल्या बांगड्या तू दर्याला दिल्या होत्यास, घरधन्याला सुखरूप परत आणायचं म्हणून. कोळीवाड्यात वाढलेल्या मला हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या आनंदात भानच राहिलं नाही. दारात उभी असलेली शेजारची काकी म्हणाली, "अगो, त्या हातान?" तू हात मागे घेतलास, मग पुन्हा पुढे केलास. "र्‍हांदे. पोरान बांधलंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी मुद्दाम दादरच्या बाजारात वाकडी वाट करून येतो. तू फळीवर बसली आहेस, कोपरापर्यंत बर्फाचं पाणी, आणि कुणी विचारलेलं नसताना गिऱ्हाइकासमोर मनगट धरून सांगते आहेस, "साडेआठ वाजले, बगा. पोरान घेतलंय." मी लांबूनच परत फिरतो. इतकं सुख मला पुढे कशातच झालं नाही.

थोड्याच दिवसांत काचेच्या आत वाफ धरली आणि काटे थांबले. तू माझ्यापासून लपवत होतीस, जेवायला वाढतानाही मनगटावर पदर ओढून घ्यायचीस. मला दिसलं तेव्हा माझा चेहरा पडला. तूच माझी समजूत काढलीस. हसत म्हणालीस, "दर्याचाच हात व्हता. त्यान त्याचा घेतला, आपला काय गेला?" दुरुस्तीला द्यायला तू ते कधी काढून दिलं नाहीस. बंद घड्याळ रोज सकाळी बांधून बाजारात जायचीस, आणि कुणी वेळ विचारली की शेजारणीला विचारून सांगायचीस. परळच्या हॉस्पिटलात शेवटी नर्सने बांगड्यांबरोबर तेही माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "हे बंद आहे हां, आमच्याकडून नाही झालं."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पैसा हातात खेळू लागल्यावर, मी पाण्यातलं पहिलं घड्याळ घेतलं. परळच्याच एका मॉलमधून. विक्रेत्याने मनगटाचं माप विचारलं. मी खिशातून रुमाल काढला आणि त्यात गुंडाळलेला तुझ्या घड्याळाचा पट्टा त्याच्यासमोर ठेवला. खारट पाण्याने तडकलेला, बकल लावून लावून एक भोक लांबट झालेला. तो म्हणाला, "सर, हे लेडीज माप आहे." म्हटलं, आईचं आहे. "मग आईंना घेऊन या ना एकदा, फिटिंग एकदम बरोबर करून देतो." मी म्हणालो, "आणतो." त्याने तेवढ्या मापाने नव्या पट्ट्याच्या कड्या काढून दिल्या. बाकीची घड्याळं मी माझ्या मापाची करून घेतली. हे एक तसंच आहे.

तुझी नात डावखुरी आहे, म्हणून घड्याळ उजव्या हातात घालते. आज तिने नेमकं हेच उचललं. हातात जाऊन असं बसलं की ती स्वतःच चकित झाली. "बाबा, हे तर माझ्याच मापाचं आहे!" मला तुझा मोकळा हात दिसला आणि मी तिचा हात धरून ते काढून घेतलं. का, ते तिला सांगता आलं नाही.

सोमवारच्या आत तिला ते द्यायला हवं, एवढं कळतं मला. जिवंत पोरीच्या हातात शोभेल ते कपाटात कशाला कोंडून ठेवायचं? पण ते दिलं की तुझ्या माघारी तुझ्यासाठी घेतलेलं असं माझ्याकडे काहीच उरत नाही, आये. हा कागद घडी करून त्या घड्याळाच्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगतो. त्या दुकानात मी "आणतो" म्हणालो ना, तेव्हा आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नव्हतं.