पुढच्या सीटवरचं वजन

२ एप्रिल
डाव्या फ्लॅपचा रोलर एका बाजूने चपटा झालाय! उतरताना पंखामागची पट्टी खाली येते, तिला रुळावर चालवणारं हे चाक. नुसत्या वापराने इतकी झीज होत नाही. विमान मर्यादेपेक्षा जास्त वेगात असताना कुणीतरी फ्लॅप खाली ओढतंय, आणि वारा सगळा राग या चाकावर काढतोय.

मोजलं. परत मोजलं. मग शंका आली म्हणून परत.

३ एप्रिल
आमच्या लानयू बेटाची फेरी कॅप्टन च्वांगच करतात. त्यांनाच विचारलं. "मी? वेगाचा काटा पांढऱ्या पट्ट्यात उतरल्याशिवाय फ्लॅपच्या दांड्याकडे बघतसुद्धा नाही, तपासणीसबाई." आणि मला च्युइंगम दिलं. खरं बोलणारा माणूस च्युइंगम कशाला देईल?

वेईकाका, आमचे मुख्य मेकॅनिक, म्हणाले, "नवा रोलर बसव, पण कारण शोध. अहवाल तूच लिहायचा. च्वांगचं लायसन्स जाईल त्यात, तेव्हा जपून, पोरी." मग, इथल्या रिवाजाप्रमाणे, विमानाने शहाण्यासारखं वागावं म्हणून हत्यारांच्या कपाटावर मक्याच्या फुग्यांचं हिरवं पुडकं ठेवलं. मुदत संपली की त्याचा गुण जातो म्हणतात, म्हणून मी ती तपासली.

९ एप्रिल
नव्या रोलरवरही ओरखडे.

१० एप्रिल
टोपी, मास्क, काळा चष्मा. तिकीट काढून सगळ्यांच्या शेवटी चढले आणि कॅप्टनच्या मागे बसले. गुडघ्याच्या उपचारांसाठी सारखी ये-जा करणारी आईही याच फेरीने घरी निघाली होती. आमच्या छोट्या विमानात प्रवाशांना वजन बघून बसवतात, म्हणून ती पुढे, कॅप्टनशेजारी. दोघांच्या मध्ये फ्लॅपचा दांडा.

ढगातून बेट दिसलं. आईने दांडा धरला.

"अहो वहिनी, थांबा, काटा अजून—"

खट्ट. विमान उसळलं. माझा चष्मा नाकावरून घसरला.

"घर दिसलं ना भाऊ, मग थांबायचं कशाला?"

उतरल्यावर मास्क काढला. आईला जराही नवल वाटलं नाही. न्यायला आलेल्या बायकांना म्हणाली, "ही दुरुस्त करते, मी चालवते." कॅप्टन बुटांकडे बघत मला म्हणाले, "पहिल्यांदा नुसता हात लावू दिला होता. त्यांनी गावभर सांगितलं. मग नाही कसं म्हणणार?"

१२ एप्रिल
अहवाल. कॅप्टनचं नाव लिहिलं. आईपाशी अडले. आमच्या बेटावर पहिलं मूल झालं की आई-बाप आपलं नाव टाकून त्याचं नाव घेतात. मी जन्मले तेव्हापासून आई सिनान मानोयो, म्हणजे मानोयोची आई. कागदावरही तेच. तिचं नाव लिहायचं तर त्यात मी येतेच.

लिहिलं: "एक प्रवासी." खोटं तर नाही ना? नाही. बहुतेक नाही.

१३ एप्रिल
आईला फोनवर वाचून दाखवलं. त्या ओळीवर तिने मला थांबवलं. मग, "एक प्रवासी? कोण ती?" आणि फोन ठेवला.

१६ एप्रिल
चौकशीच्या ऑफिसात आई न बोलावता हजर. बोटीने आलेली, ओकून ओकून हिरवी पडलेली. टेबलावर हात ठेवून तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, दोनदा, नीट ऐकू जावं म्हणून. साहेबांनी लिहून घेतलं, अहवालाखालची 'मानोयो' ही सही बघितली, आणि कॅप्टनशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मला बोट दाखवलं.