त्या सकाळचा दोर

सर,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मधे कितीदा तरी तुम्हाला लिहायला बसलो, पण पहिलंच वाक्य खोटं व्हायचं आणि कागद तसाच राहायचा. आज सरळच लिहितो. साक्रीच्या पलीकडच्या त्या डोंगरावर, उतरायच्या आधी, मी प्यायलो होतो. तुम्ही ते ओळखलंत, आणि ओळखलंत हे मला कळलं. आपल्या दोघांशिवाय कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही गेलात आणि ते एकट्या माझ्याकडे राहिलं.

ऐंशीच्या दशकाची शेवटशेवटची वर्षं होती. तुम्ही जळगावच्या शाळेत भूगोल शिकवायचात. मी तुमचा जुना विद्यार्थी, विजेच्या कचेरीत नुकताच चिकटलेला. दोन-चार महिन्यांतून एकदा तुम्ही आम्हा आठ-नऊ जणांना डोंगरावर न्यायचात, कधी चोपड्याच्या वर सातपुड्यात, कधी धुळ्याहून एसटी बदलून साक्रीच्या बाजूला. सामान म्हणजे एक नायलॉनचा दोर, दोन पातेली आणि चामडी हातमोज्यांचा एकच जोड, तोही एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून तुम्ही मागून आणलेला. माणूस कडा उतरत असताना वर बसून, कमरेभोवती दोर घेऊन तो हळूहळू सोडायचा, हे काम तुम्ही मला शिकवलंत आणि ते मोजे मला देऊन टाकलेत. "आता हे तुझे," म्हणालात. मला केवढा अभिमान वाटला होता. सगळ्यांत भरवशाचा म्हणून सरांनी मला निवडलं, असं मी घरी आईला सांगितलं होतं.

आईला न सांगितलेली गोष्ट अशी की मला उंचीची भयंकर भीती वाटायची. कड्याच्या टोकाला बसलं की मी पाठ मागच्या खडकाला घट्ट लावून ठेवायचो, खाली बघायचो नाही. सगळ्यांत भरवशाच्या माणसाने हे कुणाला सांगायचं? कचेरीतला एक सहकारी हिमालयात जाऊन आल्याच्या बढाया मारायचा. तो म्हणाला, "दोन घोट टाकायचे सकाळी. थंडी पण जाते आणि भीती पण." त्या डिसेंबरात मी धुळ्याला रमची एक लहान बाटली घेतली आणि सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवली.

आदल्या संध्याकाळी आपण डोंगराखालच्या पाड्यावर थांबलो होतो. ज्यांच्या अंगणात उतरलो ते म्हातारे आबा आतून मोहाची बाटली घेऊन आले. "थोडीशी ल्या भाऊ, थंडी पळी जाई," म्हणाले. तुम्ही बाटलीला हात लावून तो कपाळाला लावलात आणि त्यांच्याच बोलीत म्हणालात, "आबा, आमले आजून चढनं शे, उतरनं शे. बठ्ठा खाले उन्हात का मंग लिसूत." सगळे खाली आल्यावर मग घेऊ, हे ऐकून आबा मान हलवून हसले. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर कदाचित वाटला असता. मग आमच्याकडे वळून तुम्ही तो एकच नियम पुन्हा सांगितलात, शेवटच्या माणसाचा पाय खाली सपाटीला लागेपर्यंत कुणी घ्यायची नाही. नंतर कोण काय करतो ते ज्याचं त्याने बघावं. मी शेकोटीशी बसून मान डोलावत होतो, आणि बाटली माझ्या पाठीमागे सॅकमध्ये होती.

सकाळी आपण माथ्यावर पोचतो. वारा कापत असतो. तुम्ही उतरायची जागा बघायला पुढे जाता, बाकीचे चहासाठी काटक्या जमवतात, आणि मी एका खडकाआड जाऊन दोन घोट घेतो. मग आणखी दोन. घशातून ऊब खाली उतरते. कड्याच्या टोकाशी येऊन मी खाली बघतो, तर काहीच वाटत नाही. खाली ज्वारीची शेतं, पाड्याचा धूर, सगळं छान दिसतंय. इतकी वर्षं उगाच घाबरत होतो, असं वाटतं. मोजे चढवून मी दोर कमरेभोवती घेतो.

पहिली उतरणार होती धुळ्याच्या शाळेत नुकती लागलेली गणिताची शिक्षिका. बावीस-तेवीस वर्षांची असेल, दुसऱ्यांदाच डोंगरावर आलेली. तिची गाठ तपासून तुम्ही माझ्याकडे आलात, माझा दोर बघायला वाकलात, आणि तिथेच थबकलात. आपले चेहरे वीतभर अंतरावर होते. तुम्ही एकच शब्द बोललात, "सरक." मी सरकलो. तुम्ही माझ्या जागी बसून दोर स्वतःच्या कमरेभोवती घेतलात. ती तोपर्यंत कड्यावरून पाय खाली टाकून बसलीच होती. मी बाजूला उभा राहिलो, मनातून चिडलेला. चारचौघांत माझा अपमान केला, एवढंच डोक्यात होतं. मोजे माझ्याच हातात राहिले. तुम्ही मागितले नाहीत, आणि मला काढून द्यायचं सुचलं नाही.

ती दहा-बारा हात उतरली असेल, तेवढ्यात तिच्या पायाखालचा दगड निसटला. ती किंचाळली आणि दोर सर्रकन पळाला. तुम्ही तो उघड्या हातांनी आवळलात. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कापड फाटावं तसा. दोर थांबला. तिचे गुडघे खरचटले, बाकी काही झालं नाही. ती खाली टेकेपर्यंत तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मग मूठ उघडलीत. उजव्या तळहाताची कातडी दोराबरोबर गेली होती.

सगळ्यांनी तुम्हालाच बोल लावला. पन्नाशी उलटल्यावर दोर स्वतःकडे घ्यायचा हट्ट कशाला, तरणा माणूस शेजारी उभा असताना? "वाटलं, बसावं," एवढंच तुम्ही म्हणालात. हात बरा झाला, पण दोन बोटं आत वळलेली राहिली. पूर्वी खडू न उचलता तुम्ही फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचात. नंतर तो डाव्या हाताने, तुकड्यातुकड्याने निघायचा, आणि मागच्या बाकांवरची पोरं हसायची म्हणे.

महिन्याभराने मी तुमच्या घरी आलो. काकू चुलीवर भरताची वांगी भाजत होत्या, तुम्ही पाटावर बसून डाव्या हाताने कळण्याची भाकरी मोडायची खटपट करत होता. काकू मला म्हणाल्या, "या वयात दोर धरायचा असतो का? तूच सांग बाबा यांना, तुझं ऐकतात." आणि मी म्हणालो, "खरंय काकू." तुम्ही वर बघितलंत. काकू परसात मिरच्या तोडायला गेल्यावर तुम्ही हळू आवाजात बोललात.

"तुला भीती वाटते हे मला पहिल्या डोंगरापासून माहीत होतं."

तुम्ही भाकरी ताटात ठेवलीत.

"म्हणून तर दोर तुझ्याकडे द्यायचो. घाबरलेला माणूस दोर कधी सैल सोडत नाही. त्या दिवशी तू घाबरलेला नव्हतास."

"सर, मी सगळ्यांना सांगू का?"

"ते तू ठरव. मी कुणाला सांगणार नाही."

काकू मिरच्या घेऊन आल्या. आपण भरीत-भाकरी खाल्ली. मी सांगायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण पुढच्या डोंगराला तुम्ही आला नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही, आणि सांगायचं राहून गेलं. काही वर्षांनी तुम्ही गेलात. शोकसभेत एकाने प्रेमाने तुमच्या हट्टाचा तो किस्सा सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणालो, "सर भारीच हट्टी." लोक हसले. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्याही हसल्या. काकूही आता नाहीत.

मी अजून डोंगरावर जातो, पोरांना नेतो. पिणं सोडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी घेतो, कधीमधी. आता लोक जीपने वर येतात, खोकी उतरवतात, कड्यावर बाटल्या फुटलेल्या असतात. मी कुणाची सॅक तपासत नाही. कुणाला भीती वाटतेय का, एवढं विचारतो, आणि ज्याचा हात वर होतो त्याच्याकडे दोर देतो.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो आणि त्या शिक्षिकेला सगळं सांगितलं. त्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्यात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी सरांना हट्टी म्हणत आले. वर्गात मुलांना सांगायचे ती गोष्ट. तुम्ही सभेत माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतात." चहा आला होता, पण तो घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत. मी उठलो. जिन्यापर्यंत त्या आल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

या पत्रासाठी पाकीट आणलेलं नाही, आणायचंही नाही. पण त्यांच्यासमोरही जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहून ठेवतो. तुम्ही मूठ उघडलीत, सगळे तुमच्याकडे धावले, मीही धावलो. पण त्याआधी एक क्षण मी जागचा हललो नव्हतो, आणि त्या क्षणी माझ्या मनात ना तुम्ही होता, ना ती. दोर माझ्या हातात नव्हता, मी सुटलो, असं मला वाटलं होतं, सर.