मूर्तीची पाठ

प्रिय ठमे,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: मूर्तीची पाठ हरवली, त्यात तुझा दोष नव्हता.

आधी बातमी. मागील महिन्यात संग्रहालयाच्या जुन्या दालनाचे छत कोसळले. बसलेल्या स्त्रीच्या मूर्तीचा अक्षरशः भुगा झाला. शेकडो छायाचित्रे जोडून तू संगणकावर उभी केलेली त्रिमितीय प्रतिकृती तेवढी उरली. तिच्यावरून पाथरवट आता नवी मूर्ती घडवतो आहे. चेहरा, बोटे, कानातला मोडका दागिना, सारे बिनचूक. परवा त्याने मला हाक मारली. "साहेब, समोर एवढी नजाकत आणि पाठ पाटीसारखी कोरी? काम मूळ कारागिरानं टाकलं, की तुम्ही?" मी चष्मा पुसत राहिलो.

आता पुरावा. मूर्ती आणि भिंत यांत वीतभरच अंतर होते. कॅमेरा शिरत नव्हता. तू कोपर खरचटून घेत हात घातलास आणि म्हणालीस, "बाबा, मागे बोटांना खाचा लागतायत. आठ दिवस द्या, छोटा कॅमेरा मागवते." खाचा लागणे हा पुरावा नव्हे, असे मी सुनावले. तू पडद्यावर पाठीच्या जागी भोक तसेच ठेवलेस. जे पाहिले नाही ते दाखवायचे नाही, हे मीच तुला शिकवले होते. पण प्रतिकृतीचे उद्घाटन तोंडावर आले होते. "पाहुण्यांपुढे हसं करून घ्यायचंय का?" असे म्हणत मी ते बुजवायला लावले. एक कळ दाबताच संगणकाने गुळगुळीत पाठ रचली. खाली 'परिपूर्ण' हा शेरा मी लिहिला. तुझा राजीनामा त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर होता.

छत कोसळल्यावर नेमलेल्या चौकशी समितीने पाठीबाबत तुझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, तेव्हा मी समोरच बसलो होतो. मला कोणी विचारले नाही, म्हणून मी बोललो नाही.

हल्ली रोज भुग्यातले तुकडे जुळवून पाहतो. नखाएवढे आहेत. जुळत नाहीत. ती पाठ आता जगात फक्त तुझ्या बोटांना ठाऊक आहे. पाथरवट महिनाअखेरपर्यंत थांबेल. खाचा उभ्या होत्या की आडव्या? वेणी होती की अक्षरे? आठवत नसेल, तर तसे लिही. तेवढा दगड न घडवता सोडायला सांगेन.

समितीला दिलेल्या निवेदनाची प्रत सोबत आहे. त्यातले शेवटचे वाक्य असे: भोक खरे होते, ते बुजवण्याचा आदेश माझा होता, आणि ती माझी चूक होती.

तुझाच,
बाबा