माल्टाला आम्ही दोघंच

प्रिय शबाना,

परवा मी आणि आपली सना माल्टाला निघतोय. आज जुम्म्याची नमाज झाल्यावर तुला सांगायला कब्रस्तानात आलो होतो. भिंतीपासून चौथ्या रांगेत उभा राहिलो, फातेहा पढलो, पण पुढे तोंडातून शब्द फुटेना. म्हणून आता शराफिया मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीत बसून लिहितोय.

नोकरीचं पत्र आलं तो दिवस आठवतो? हॉटेलातले एसी आणि कूलिंग प्लांट सांभाळायचे, पगार युरोत. मी पेढे आणायला निघालो, तर तू म्हणालीस, "थांबा हो. आधी तिथे खायला काय लागतं ते तरी विचारू."

आणि स्मितावहिनींना फोन लावलास! नवऱ्याच्या बदलीने त्या इथल्या राबिघहून माल्टाला गेलेल्या, तुझ्या हक्काच्या. अर्धा तास स्पीकरवर तुमचं चाललं होतं.

"भाडंच निम्मा पगार खातं गं," त्या म्हणाल्या. "शहराबाहेर बघा. बस फुकट आहे. सरकारी शाळेला फी नाही."

"फी नाही? खरंच?" तू दोनदा विचारलंस. "आणि मच्छी?"

"बांगडा मिळतो, पण आपल्यासारखा रोज नाही परवडत. पाव स्वस्त. पिण्याचं पाणी विकत. थंडीत घरात ओल येते, हीटर लावला की विजेचं बिल बघवत नाही."

फोन ठेवून तू म्हणालीस, "जमेल. मी शिवण घेईन, बांगडा रविवारी खाऊ." किती खुशीत होतीस! इथे आखातात सनाच्या शाळेची फी भरताना दर वेळी तुझा चेहरा उतरायचा. ती कटकट संपणार होती.

मग तुझं पोट दुखायला लागलं. आधी म्हणालीस गॅस. मग म्हणालीस, टँकरचं पाणी बदललंय. ओव्याची पूड खायचीस, कुशीवर वळून पडायचीस. मी म्हटलं, "दवाखान्यात जाऊ." तू म्हणालीस, "आता नको. व्हिसाचं मेडिकल होऊ दे. काही निघालं तर सगळंच अडकेल."

मी ऐकलं. शबाना, मी का ऐकलं? मला तेच ऐकायचं होतं, म्हणून ऐकलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या अम्मीलाही नाही.

तू भोवळ येऊन पडलीस तेव्हा कुठे डॉक्टरांनी पोट तपासलं. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?" गाठ अंडाशयातून सगळीकडे पसरली होती. त्यानंतर तू सातच आठवडे होतीस. शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता, तरी तू विचारत होतीस, "तुमची नोकरी ठेवतील ना ते?"

तुझ्यावर रागही येतो. दुखतंय म्हणून एकदा ओरडायचंस तरी! नोकरी गेली असती तर गेली असती. गावी श्रीवर्धनला जाऊन पंखे दुरुस्त केले असते मी.

तू गेलीस त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर तुला दफन केलं. तुझ्या अम्मीने फोनवर पाहिलं. कबरीवर नाव नाही, इथे कुणाच्याच नसतं. म्हणून मी रांग मोजून येतो.

माल्टावाल्यांनी मुदत वाढवून दिली. मला जायचं नव्हतं. पण राजीनामा आधीच दिलेला, इथल्या मालकाने, कफीलने, माझ्या जागी दुसरा माणूस घेतलेला. राहण्याचा परवाना, इकामा, संपत आला होता. राहायचं तरी कशाच्या जोरावर? सना एवढंच म्हणाली, "मम्मी के पास कौन आएगा फिर?"

आणखी एक सांगायचंय. कब्रस्तानात ओठावर आलं होतं ते हेच.

गेल्या आठवड्यात सना जेवेना. विचारलं तर, "कुछ नहीं अब्बा." शाळेच्या डब्यातली भाकरी तशीच परत. तिसऱ्या दिवशी गाल सुजलेला दिसला. दाढेत पू झाला होता. डेंटिस्टच्या खुर्चीत रडत होती पोर. मी म्हटलं, "सांगितलं का नाहीस?"

"बताती तो जाना कैंसल हो जाता ना? मम्मी जाना चाहती थी."

बारा वर्षांची आहे गं ती! हे शहाणपण तिला आपण दोघांनी शिकवलं. मी जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

भाडं, वीज, पाणी यांचं कसं जमेल, मला ठाऊक नाही. कदाचित नाहीच जमणार, परत यावं लागेल. पण तुला शब्द देतो, सना "कुछ नहीं" म्हणाली की मी ते खरं धरणार नाही. कामावरून उठेन, पगार कापला तरी उठेन, आणि तिचा हात धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेईन. तुला नेलं नाही, तिला नेईन.

तुझा,
इक्बाल