अंधारखोलीच्या किल्लीची व्यवस्था

मी, मृणाली देवचंद बैसाणे, वय ५२, भौतिकशास्त्राची शिक्षिका, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता करून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. त्याच डोक्यात, डोळ्यांच्या मागे, गाठही आहे. सोमवारी जळगावला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, "जीव वाचेल बहुतेक, नजरेचं सांगता येत नाही." आत्ताच सगळीकडे पिवळट धुके दिसते, म्हणून वकीलसाहेब लिहून घेत आहेत. त्यांनी टोमणे गाळू नयेत.

१. घर भाऊ प्रशीलला. प्रकाशाच्या प्रयोगांसाठी केलेल्या अंधारखोलीच्या काळ्या भिंती गुलाबी करून त्याने तिथे भाडेकरू घालू नये.

२. बँकेतली शिल्लक आई द्रौपदाबाईंना. ती विचारायची, "माय, अंधारामा काय दखी ऱ्हायनी?" अंधारात काय बघते ते ऐकायला मात्र कधी थांबली नाही.

३. डोळे नेत्रपेढीला, डॉक्टर हो म्हणाले तर. मृत्युपत्र उघडेपर्यंत ते वाया जातील, म्हणून हे कलम फ्रिजवरही चिकटवले आहे.

४. सोडियमचा पिवळा दिवा, भिंग, सपाट काच, सूक्ष्मदर्शी. आमच्या संस्थेला सत्काराच्या शाली ठेवायला कपाट हवे होते, म्हणून हे भंगारात निघाले. मी घरी आणले. काचेवर भिंग ठेवून वरून उजेड पाडला की एकात एक गोल कडी दिसतात, एक उजळ, एक काळे. प्रकाशाच्या दोन लाटा भेटतात आणि एकीच्या चढावर दुसरीचा उतार आला की उजेडात उजेड मिसळून अंधार होतो. एवढेच मला कोणालातरी दाखवायचे होते. पण मुलांना उत्तर आधीच पाठ. त्यावरून मागे जात वहीत मोजमापांचे आकडे बसवायचे, सूक्ष्मदर्शीला डोळा कशाला लावायचा?

हे सारे माझा विद्यार्थी हितेंद्र, आता प्राध्यापक, याला देत होते. आज सकाळी त्याला डोळा लावायला लावला.

"वा मॅडम! काय सुंदर कडी!"

मी रडले.

मग साक्षीदार सुनंदाबाई बसली. गणिताची. वेळापत्रकावरून आमचा कित्येक वर्षांचा अबोला. तिला बोलावले, कारण ती माझ्याबद्दल गोड खोटे बोलणार नाही.

ती म्हणाली, "बये, दिवाच लागलेला नाही."

पिवळट धुक्यात मला कळलेच नव्हते.

५. कलम ४ मधले हितेंद्रचे नाव रद्द. त्याला एक शाल द्यावी. साहित्य आणि अंधारखोलीची किल्ली सुनंदाबाईला, आजपासूनच. मी जगले तरी परत मागणार नाही. वकीलसाहेब म्हणतात, जिला द्यायचे तिने साक्षीदार होऊ नये. होऊ द्या. दुसरे कोण आहे मला?

वाचून दाखवले, ऐकले, सही केली.
मृणाली दे. बैसाणे
देवपूर, धुळे. दि. १५ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. हिलाल पाटील, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. सूक्ष्मदर्शीत डोकावलो नाही, खोटे कशाला लिहू?

२. सुनंदाबाई निकम. सही माझ्यासमोर झाली. नंतर दिवा लावला, तापू दिला, पुन्हा पाहिले. मध्ये काळा ठिपका, भोवती कडी आहेत. मृणालीने डोळा लावला. तिला दिसली नाहीत. मग मी बघत राहिले आणि सांगत राहिले, एकेक कडे. ती म्हणाली, "सावकाश, सुनंदा."