तिसरा फ्लास्क

सोमवार, ४ मार्च

आज लिहिणं भाग आहे. सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. माझा एकतीस वर्षांपूर्वीचा एक अहवाल खोटा ठरण्याच्या बेतात आहे. शनिवार, सोळा तारखेपर्यंत लेखी खुलासा द्यायचा.

फोन इन्चार्जचा. माझ्याच हाताखाली पिपेट धरायला शिकली, ओरडा खाऊन शिकली. आता माझ्या खुर्चीत बसते. "मॅडम, ती पांढरी भुकटी आठवते? पाण्यात न विरघळणारी?"

आठवते! कारखान्याची टाकाऊ भुकटी. ती पाण्यात किती विरघळते ते मी मोजलं होतं. लिटरमागे जेमतेम तीन मिलिग्रॅम. त्या आकड्याच्या भरवशावर वसाहतीमागे खड्डा खणला आणि ती पुरली. आता वसाहतीच्या विहिरीत लिटरमागे अकरा सापडलेत.

तीनच विरघळते, तर अकरा आले कुठून? हिशेब लहान मुलाचा आहे. उत्तर मात्र माझ्याकडे मागतायत.

मंगळवार, ५ मार्च

आंघोळीनंतर बेसिनमध्ये अंगाची पावडर सांडली. तरंगत राहिली. बुडेना. मी बघत उभी. बाहेरून दादा दार वाजवतोय, "अगं, आत विरघळलीस की काय?"

गुरुवार, ७ मार्च

लिहूनच टाकते. पद्धत साधी असते. तीन फ्लास्क. तिन्हींत तीच भुकटी, तेच पाणी, तेच तापमान. शेकर यंत्रावर हलत ठेवायचे. पहिला एका दिवसाने उघडायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा तीन दिवसांनी. पाणी गाळायचं, मोजायचं. तिन्ही आकडे जुळले, तरच खरे.

पहिला आला ३.१. दुसरा ३.२. शुक्रवारी तेवढ्यावरच साहेबांना तोंडी निकाल दिला—विरघळत नाही. "शाब्बास," म्हणाले. इन्चार्जची जागा तेव्हा रिकामी व्हायची होती.

शनिवारी तिसरा फ्लास्क माझ्या हातातून मोरीत पडून फुटला. मी वहीत ३.२ लिहिलं. दोन जुळले होते, तिसरा काय वेगळा येणार? न घेतलेला आकडा लिहिला, एवढा माझा गुन्हा.

कागदावर उतरवलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. डाव्या अंगठ्यावरचा व्रण खाजतोय.

दादाला थोडं सांगितलं. म्हणाला, "जुनी मढी कशाला उकरतेस? त्या वह्यांशीच संसार केलास जन्मभर. आता तरी काडीमोड घे." आणि पेन्सिल हवी म्हणून माझी कॉलेजची कंपासपेटी कपाटातून काढायला लागला. मी एवढ्या जोरात खेकसले की बिचारा दचकला. त्या पेटीला हात लावायचा नाही! म्हणजे नाही!

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी स्वयंपाकघरात शेकरचा आवाज. खटक—खटक—खटक. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. आवाज चालूच. दादाला विचारलं, ऐकू येतंय का? "मला घंटा वाजलेली ऐकू येत नाही, मला काय विचारतेस!"

सोमवार, ११ मार्च

इन्चार्जकडे जाऊन बसले. म्हटलं, त्या भुकटीची राखीव बाटली असेल, मी पुन्हा मोजते.

"नियमात बसत नाही मॅडम."

"नियम मीच लिहिलेत. तू शेजारी उभी राहा आणि बघ."

बाटली निघाली. बुचावर मेण, मेणाखाली माझी तेव्हाची सही. किती ताठ सही करायचे मी! भुकटी तोलली, पाणी घातलं, तिन्ही फ्लास्कना बुचं लावली. भुकटी पाण्यावर सायीसारखी पसरली. दहाला शेकर सुरू केला. नवा शेकर आहे, आवाजच नाही त्याला. तरी मला ऐकू येत होता.

मंगळवार, १२ मार्च

पहिला फ्लास्क—३.१.

इन्चार्ज म्हणाली, "मॅडम, तुमचाच आकडा!"

बुधवार, १३ मार्च

दुसरा—३.३. तिचा चेहरा उजळला.

घरी येते तर पायरीवर गजर बसलेला. प्रयोगशाळेतला आमचा जुना मदतनीस. फ्लास्क उघडायच्या वेळा मिनिटावर सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला गजर म्हणायचे. राहतो त्याच वसाहतीत. बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात पाण्यानं असेल, नक्की सांगता येत नाही.

"बाई, लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विहीर बंद नका करू म्हटलं, उगाच."

"अजून तेच पाणी पिता?"

"मग? तुम्हीच सांगितलं होतं की. खड्डा खणत होते तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बिनघोर प्या."

म्हणाले होते. मान वर न करता म्हणाले होते. चहा न देता त्याला लावून दिला.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी दहाच्या आधी पोचले. तिसऱ्या फ्लास्कमध्ये वर काहीच नव्हतं! साय गेलेली. दोन दिवस ही भुकटी पाणी अंगाला लागू देत नाही. तिसऱ्या दिवशी भिजते, बुडते, आणि मग विरघळायला लागते.

१८.८.

इन्चार्जने दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला निघाली तेव्हा मीच हात धरला. तिला सांगितलं—माझा तिसरा फ्लास्क फुटला होता, आकडा अंदाजाने लिहिला. ती म्हणाली, "तुम्ही? न घेतलेला एक आकडा लिहिला म्हणून तुम्ही मला आठवडाभर बाहेर बसवलं होतंत मॅडम."

मग कामाचं बोलली. "कारखाना हा आकडा मानणार नाही. म्हणतील, एकतीस वर्षांत बाटलीतली भुकटी बिघडली. ताजी असताना ती विरघळत नव्हती, त्यात आमची काय चूक? तेव्हाचा आकडा असता तर गोष्ट वेगळी. खड्डा त्यांनाच उपसावा लागला असता. वसाहतीला दुसरं पाणी द्यावं लागलं असतं. पण तो फ्लास्क तर फुटला."

फुटला, म्हटलं.

शुक्रवार, १५ मार्च

मीच वसाहतीत गेले. गजरला आवाराबाहेर बोलावून सांगितलं, ते पाणी आजपासून बंद. शेजाऱ्यांनाही सांगा. का, तेही सांगितलं. फ्लास्क फुटल्याचं.

तो हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघत राहिला. घरात त्याची बायको खोकत होती.

"बाई, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"त्या शनिवारी काचा मी गोळा केल्या. तुमचा अंगठा कापला होता, चिंधी मीच बांधली. भरलेला फ्लास्क फुटला तर मोरीभर पाणी हवं, भुकटीचा चिखल हवा. पण मोरी कोरडी होती. काचाही धुतलेल्या."

मी अंगठा मुठीत दडवला.

"मी म्हटलं, बाईंना ठाऊक असेल. बाई चुकायच्या नाहीत."

एकतीस वर्षं त्याने कुणाला विचारलं नाही. मलाही नाही. पाणी पीत राहिला.

घरी आले. कंपासपेटी टेबलावर ठेवली. दादाने पाहिलं. खुर्ची ओढून शेजारी बसला.

शनिवार, १६ मार्च

सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत स्वाधीन केलं, ते असं—

माझा लेखी खुलासा, चार पानं.

या आठवड्याच्या तिन्ही फ्लास्कचे आकडे, इन्चार्जच्या आणि माझ्या सहीने.

राखीव बाटली, उरलेल्या भुकटीसह, पुन्हा मेण लावून.

कंपासपेटीतली एक चिठ्ठी. अक्षर माझं. तारीख त्या शनिवारची. 'तिसरा फ्लास्क, दोनदा मोजला—१८.६.' फ्लास्क त्यानंतर रिकामा केला, धुतला आणि मी स्वतः फोडला.

इन्चार्जने पोच दिली. चिठ्ठीची एक नक्कल मी वसाहतीत जाऊन गजरच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. 'बाई' म्हणाला नाही.